विद्यापीठाचे मैदान आणि विद्यापीठातील बातमीदार

अमेरिकेतील विद्यापीठांत वृत्तपत्रविद्येचे रीतसर अध्यापन सुरू होऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्या विद्यापीठांतील फुटबॉलचे सामने याहूनही जुने आहेत. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा पहिला सामना १८६९ साली झाला. (अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू बहुतांशी हातात घेऊन धावावयाचे असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) ही दोन्ही कार्ये एकाच छपराखाली नांदू लागली तेव्हा एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. पुढे वृत्तपत्रात किंवा नभोवाणीवर क्रीडावृत्ताचे काम मिळावे या इच्छेने विद्यार्थी विद्यापीठात येतो. सरावासाठी त्याला जे पहिले मैदान लाभते ते त्याच्याच विद्यापीठाचे असते. जी संस्था त्याला बातमीचे सत्यासत्य पारखावयास शिकविते, तीच संस्था त्याच्या बातमीचा विषय होते. आणि त्या मैदानावर तिचा पैसा व तिची प्रतिष्ठा दोन्ही गुंतलेली असतात. क्रीडा-वृत्तविद्येच्या अध्यापनाचा इतिहास म्हणजे मोठ्या अंशी या अडचणीचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आरंभ जोसेफ पुलित्झर यांच्यापासून करणे सोयीचे आहे, कारण या इतिहासाची दोन्ही टोके त्यांच्या हाती येतात. १८८३ साली त्यांनी न्यूयॉर्कचे 'वर्ल्ड' हे पत्र विकत घेतले आणि त्यात खेळांच्या बातम्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. अमेरिकी दैनिकांतील असा पहिला विभाग म्हणून त्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. पुढे वृत्तपत्रविद्येचे महाविद्यालय स्थापण्याची त्यांची सूचना कोलंबिया विद्यापीठाने १८९२ मध्ये नाकारली, आणि सुमारे दशकानंतर वीस लाख डॉलरांच्या देणगीसह ती स्वीकारली. या योजनेवर आक्षेप घेणाऱ्यांना त्यांनी १९०४ साली एका दीर्घ लेखाने उत्तर दिले. त्यात भावी पत्रकाराने काय शिकावे याची मोठी यादी आढळते : कायदा, नीतिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, आधुनिक भाषा, भौतिक विज्ञाने. खेळ हा विषय मात्र या यादीत नाही. ज्या गृहस्थाने खेळांच्या बातम्यांवर पत्राचा खप वाढविला, त्याला तो विषय अध्यापनास योग्य वाटू नये, यात नवल वाटावयास नको. संपादकीय कचेऱ्यांत खेळांच्या विभागास 'खेळण्यांचे खाते' म्हणून हिणविण्याची रीत पुढे कित्येक वर्षे चालू होती. १९११ मध्ये पुलित्झर वारले आणि पुढील वर्षी कोलंबियातील विद्यालय उघडले.

तत्पूर्वीच मिसूरी विद्यापीठाने आघाडी मारली होती. तेथील विद्यालयाचे पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स यांनी स्वतः कोणत्याही महाविद्यालयात शिक्षण घेतलेले नव्हते. छापखान्यात उमेदवारी करून ते संपादक झाले होते. १९०८ च्या सप्टेंबरची १४ तारीख हा विद्यालयाचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या दैनिकाचा पहिला अंकही निघाला. हे पत्र वर्गातील निबंधवहीसारखे नव्हते. गावातल्या लोकांनी विकत घेऊन वाचावे असे ते खरेखुरे वृत्तपत्र होते. हाताने काम करून शिकण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र पसरली. तिचे गुण उघड आहेत. परंतु महाविद्यालयाच्या गावात खेळाची मोठी बातमी म्हणजे विद्यापीठाच्या संघाची बातमी, ही गोष्ट या पद्धतीच्या पोटात पहिल्या दिवसापासूनच होती.

आणि त्या संघांची स्थिती तेव्हा काही निष्कलंक नव्हती. फुटबॉल खेळताना इतके तरुण मरत होते की, १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्रमुख महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. पुढील वर्षी विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था जन्मास आली. त्याच १९०५ मध्ये एडवर्ड जॉर्डन या तरुण पत्रकाराने 'कॉलियर्स' साप्ताहिकात एक लेखमाला लिहून मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठे खेळाडूंना कसे विकत घेतात हे उघड केले. जॉर्डन हे स्वतः विस्कॉन्सिन विद्यापीठाचे पदवीधर, आणि त्यांच्या टीकेतून विस्कॉन्सिनही सुटले नाही. याच विद्यापीठात त्या सुमारास विलर्ड ब्लायर वृत्तपत्रविद्येचे पहिले वर्ग घेऊ लागले होते. हा योगायोगच खरा. परंतु आपल्याच विद्यापीठाच्या क्रीडाव्यवहारावर लिहिणाऱ्या पदवीधराचे इतके जुने उदाहरण उपलब्ध असता, तद्विषयक पाठ्यपुस्तकांनी त्याला मानाचे पान द्यावयास हवे होते. जॉर्डन यांचे नाव आज कोणाला आठवत असेल तर ते त्यांनी नंतर काढलेल्या मोटारीच्या कारखान्यामुळे!

पहिल्या महायुद्धानंतर विद्यापीठांनी प्रचंड क्रीडागारे बांधली. मिशिगनचे क्रीडागार १९२७ चे आहे. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन खेळांविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. पाहणी केलेल्या संस्थांपैकी बहुसंख्य संस्थांत खेळाडूंना या ना त्या वाटेने द्रव्यसाहाय्य मिळत असल्याचे त्यात नमूद आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, या अहवालात वृत्तपत्रांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. महाविद्यालयीन खेळाला बाजाराचे रूप येण्यात वृत्तपत्रांचा वाटा केवळ साक्षीदाराचा नव्हता, हे त्यातून कळते. खुद्द विद्यापीठांनीही आपल्या संघांची वार्ता पुरविण्यासाठी पगारी माणसे नेमली. या खेळ-प्रसिद्धी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९५७ साली स्थापन झाली. येथे थोडे थांबले पाहिजे. क्रीडा-वृत्तविद्येचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे येथून दोन वाटा फुटतात : वृत्तपत्राच्या बातमीदाराची आणि संघाच्या प्रसिद्धी-अधिकाऱ्याची. दोघेही एकाच पत्रकार-कक्षात बसतात, तेच आकडे टिपतात, तेच गद्य लिहितात. एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने बगल द्यावयाची असते, एवढाच काय तो फरक! दोन्ही व्यवसाय प्रामाणिकपणे करता येतात, परंतु ते एक नव्हेत. आणि एकाच अभ्यासक्रमातून दोहोंसाठी माणसे तयार होऊ लागली तेव्हा हा भेद पुसट होणे अपरिहार्य होते.

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही पोहोचला आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील वृत्तपत्रविद्येचा विभाग १९५२-५३ मध्ये उभारला तो सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली यांनी. याच सिराक्यूजमध्ये १९४७ पासून विद्यार्थ्यांचे नभोवाणी-केंद्र चालू होते. पुढे दूरचित्रवाणीवर नावाजलेले बॉब कोस्टास यांच्यासारखे समालोचक तेथे शिकले. नागपुरास अर्थातच मुद्रित पत्रकारितेचा भाग आला, नभोवाणीचा नव्हे. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ चा. आपल्या विद्यापीठांचे सामने पाहावयास तिकिटे काढून लाखभर लोक येत नाहीत, त्यामुळे प्रस्तुत अडचण येथे त्याच स्वरूपात उद्भवली नाही. आपल्याकडे खेळाचे धनी विद्यापीठ नव्हे तर क्रिकेटचे नियामक मंडळ. आणि ज्या मंडळाशी समालोचकाचा करार असतो त्या मंडळावर समालोचकाने किती बोलावे, हा आपला प्रश्न आहे. तो निराळ्या लेखाचा विषय होईल.

अमेरिकेत १९५१ हे वर्ष विशेष कसोटीचे ठरले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या बास्केटबॉल-संघाने १९५० मध्ये दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून विक्रम केला होता. वर्षभरातच त्या संघातील खेळाडू जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणसंख्या फिरवीत असल्याचे उघड झाले, आणि इतर महाविद्यालयांची नावेही बाहेर आली. हे प्रकरण उजेडात आणणारे 'जर्नल-अमेरिकन' पत्राचे क्रीडासंपादक मॅक्स केस यांना १९५२ मध्ये पुलित्झर पारितोषिक-मंडळाने खास सन्मान दिला. त्याच वर्षी छायाचित्रणाचे पारितोषिक डे मॉइनच्या 'रजिस्टर' पत्राच्या दोघा छायाचित्रकारांना मिळाले. ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याला २० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमा ए. अँड एम. महाविद्यालयाच्या मैदानावर, चेंडू त्याच्याजवळ नसताना, प्रतिस्पर्ध्याने ठोसा मारून जबडा मोडला. तो प्रसंग या दोघांनी छायाचित्रांच्या मालिकेत टिपला होता. त्या शिक्षणसंस्थेने अधिकृत क्षमायाचना केली ती २००५ मध्ये, ब्राइट वारल्यानंतर बावीस वर्षांनी.

पुढील पारितोषिकांची यादी चाळली असता हीच रेघ पुढे जाताना दिसते. १९८१ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे गैरव्यवहार, १९८६ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉलपटूंना पोचणारे रोख पैसे, २००० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील शैक्षणिक फसवणूक : या तिन्ही बातम्यांना पुलित्झर पारितोषिके मिळाली. केंटकीच्या बातमीनंतर लेक्सिंग्टनच्या त्या पत्राला वर्गणीदारांचा रोष सोसावा लागला, बाँबची धमकीही आली. मिनेसोटात खेळाडूंच्या अभ्यासाची देखभाल करणाऱ्या विभागातील एका कर्मचारी स्त्रीने निदान वीस खेळाडूंसाठी शेकडो निबंध लिहून दिले होते. सेंट पॉलच्या पत्राने ही बातमी १९९९ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेतील सामन्याच्या आदल्या दिवशी छापली, तेव्हा राज्याच्या गव्हर्नरांनी विद्यापीठाऐवजी वृत्तपत्रावरच कोरडे ओढले. या बातम्यांत विद्यापीठे हा विषय होता आणि शोध घेणारी पत्रे बाहेरची होती, हे येथे नोंदवून ठेवावयास हवे.

एकविसाव्या शतकात या विषयाला विद्यापीठांत स्वतंत्र केंद्रे लाभली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे केंद्र २००३ चे. इंडियाना विद्यापीठाने २००९ मध्ये इंडियानापोलिस येथे असेच केंद्र काढून क्रीडा-वृत्तविद्येची पदव्युत्तर पदवी देऊ केली. विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय नियामक संस्थेचे मुख्यालय त्याच नगरात, चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. मेरीलँड विद्यापीठाने २०११ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दीर्घकाळचे स्तंभलेखक शर्ली पोव्हिच यांच्या नावे केंद्र उघडले. 'खेळण्यांचे खाते' अखेर विद्यापीठाच्या उंबऱ्याच्या आत आले.

त्याच २०११ साली पेनसिल्व्हेनिया स्टेटवर भयंकर प्रसंग ओढवला. फुटबॉलचे माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांनी वर्षानुवर्षे मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचे उघड झाले. २०१२ मध्ये त्यांना शिक्षा झाली. ही चौकशी चालू असल्याची बातमी ३१ मार्च २०११ रोजी हॅरिसबर्गच्या 'पेट्रियट-न्यूज'ने दिली, आणि तिच्या लेखिका सारा गॅनिम यांना पुढील वर्षीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. गॅनिम याच विद्यापीठाच्या पदवीधर; परंतु त्या क्रीडाविभागात नव्हत्या, गुन्हेवृत्त पाहत होत्या. न्यायालयाची कागदपत्रे, पोलीस, साक्षीदार यांच्या मार्गाने त्या क्रीडागाराच्या आत पोचल्या. मैदानाशेजारच्या कक्षात बसणारांना जे दिसले नाही ते न्यायालयाच्या वाटेवरून दिसले. या घटनेवरून क्रीडा-वृत्तविद्येचे वर्ग व्यर्थ आहेत असे अनुमान काढणे घाईचे होईल. संघाच्या जवळिकीवर उभी असलेली बातमीदारी कोठे आंधळी होते, एवढे मात्र तिच्यावरून निश्चित कळते.

विद्यार्थी-बातमीदारांची बाजू २०२३ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दिसली. तेथे वृत्तविद्येचे मेडिल विद्यालय १९२१ पासून आहे. परंतु 'डेली नॉर्थवेस्टर्न' हे विद्यार्थ्यांचे दैनिक विद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या मालकीचे नाही, त्याची प्रकाशनसंस्था वेगळी आहे. फुटबॉल-संघातील नवागतांच्या छळाची चौकशी करून विद्यापीठाने ७ जुलै रोजी मुख्य प्रशिक्षक पॅट फिट्झगेराल्ड यांना दोन आठवड्यांसाठी दूर केले. दुसऱ्याच दिवशी या दैनिकाने एका माजी खेळाडूने सांगितलेला तपशील छापला. १० जुलै रोजी प्रशिक्षकांस बडतर्फ करण्यात आले. त्यांनी केलेला दावा २०२५ मध्ये समेटाने मिटला, आणि खेळाडूंनी त्यांच्याकडे तक्रार केल्याचे अथवा त्यांनी छळास संमती दिल्याचे पुराव्याने सिद्ध होत नाही, असे विद्यापीठाने त्या वेळी सांगितले. म्हणजे बातमीने उघड केलेला छळ आणि त्याची जबाबदारी हे दोन प्रश्न वेगळे ठरले. अभ्यासकांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्या. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत लक्षणीय गोष्ट मालकीची आहे : सुट्टीच्या दिवसांत काही विद्यार्थ्यांना हे काम करता आले, कारण छापावयाचे की नाही हे ठरविणारा कुलगुरूंच्या हाताखाली नव्हता.

१ जुलै २०२५ पासून न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरांची मर्यादा घातली गेली. १९०५ मध्ये जॉर्डन यांनी जो व्यवहार चोरवाटांतून शोधून काढला होता तो आता जमाखर्चात येऊ लागला आहे. ज्या विद्यार्थ्याला हा व्यवहार वाचकांस समजावून द्यावयाचा आहे, त्याला करारनामे, अंदाजपत्रके आणि न्यायालयाचे निवाडे वाचता आले पाहिजेत. पुलित्झर यांच्या १९०४ च्या यादीतील कायदा, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र हे विषय त्याला मैदानावरच उपयोगी पडतील. कोणत्या खेळाडूला किती रक्कम दिली याचे कागद मागितले असता, विद्यार्थ्यांच्या खासगी नोंदींचे रक्षण करणाऱ्या १९७४ च्या संघराज्य कायद्याकडे बोट दाखवून काही सरकारी विद्यापीठांनी ते देण्याचे नाकारले आहे.