शीतवायूची गळती

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस येतो, व तेथून थोडक्याच अंतरावर घोटी लागते. सिन्नरची वाट येथूनच फुटते. भाताच्या गिरण्यांविषयीं या गांवाची ख्याति आहे. परंतु मालमोटारी हांकणाऱ्यांस तें रस्त्यावरचें विसाव्याचें ठिकाण म्हणूनच अधिक परिचयाचें. गेल्या वैशाखांत आम्हांस तेथें कांहीं तास खोळंबावें लागलें, आणि रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीच्या छपराखालीं बसलों असतां एक वाद कानीं पडला. एका जुन्या मालमोटारीच्या केबिनींत थंड हवा येईनाशी झाली होती. चालक म्हणत होता, "मिस्त्री, गॅस भरा आणि मोकळं करा, रात्री भिवंडीत माल उतरवायचा आहे." त्यावर मिस्त्रीनें शांतपणें विचारिलें, "दादा, पाडव्याला भरलेला गॅस गेला कुठं?"

प्रश्न साधा, परंतु त्यास मोठा इतिहास आहे. वातानुकूलन यंत्रांतील वायु डिझेलप्रमाणें जळून खर्च होत नाहीं. कॉम्प्रेसर त्यास दाबतो, पुढच्या जाळींत तो निवून द्रवरूप होतो, केबिनीकडच्या जाळींत पुन्हां वाफ होतांना उष्णता शोषून घेतो, आणि फिरून कॉम्प्रेसरकडे येतो. रबरी नळ्यांतून तो वर्षानुवर्षें किंचित झिरपतो हें खरें. परंतु पाडव्याला भरलेला वैशाखांत संपला, तर तो कोठून तरी निसटलाच आहे.

१८३३ सालीं बोस्टनहून कलकत्त्यास गलबतानें बर्फ आला. तो वितळला कीं त्याची कथा संपे. १८३४ सालीं जेकब पर्किन्स यानें ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत मात्र तेंच ईथर बंदिस्त नळ्यांतून पुनःपुन्हां फिरावयाचें होतें. गळतीची चिंता तेथून सुरू झाली. पुढें अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड यांची पाळी आली. पहिल्या दोहोंची गळती लपत नसे; नाकाडोळ्यांस झोंबून ती सर्व घरास बाहेर काढी, व कारागिरास बोलावणें धाडावेंच लागे. तिसऱ्याचा वास सौम्य, म्हणून तो अधिक घातकी. बर्लिन येथें शीतपेटींतील विषारी वायूनें एक कुटुंब दगावल्याची वार्ता वाचून आइन्स्टाइन व झिलार्ड हे दोघे हलत्या भागांवांचून चालणाऱ्या शीतपेटीच्या मागें लागले, असें सांगतात. १९३० सालीं तिला अमेरिकेंत पेटंटही मिळालें.

त्याच वर्षीं टॉमस मिज्ली यानें अमेरिकन रसायनज्ञांच्या सभेंत आपला नवा वायु छातीभर ओढून घेतला, आणि तो सोडून जळती मेणबत्ती विझविली. विषारी नाहीं, पेट घेत नाहीं, वासही जवळजवळ नाहीं! आमच्या मतें गळतीच्या इतिहासाचें खरें वळण हेंच. जो वायु नाकास झोंबत नाहीं, त्याच्यासाठीं सांधे उकलीत कोण बसणार? शोधण्यापेक्षां भरून घेणें सोपें. १९४० च्या नमुन्याच्या पॅकार्ड गाडींत वातानुकूलन आलें, आणि पुढें मोटारवाल्यांसही हीच संवय जडली. जे शोधीत, त्यांच्यापाशीं एक सुंदर साधन असे: तांब्याचा तुकडा तापविणारी एक ज्योत. गळका सांधा आला कीं ती हिरवी होई. हा त्या वायूंतील क्लोरीनचा गुण. आणि तेंच क्लोरीन वर चढून ओझोनचा थर विरवितें, हें मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दाखवून दिलें. १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें करार झाला, १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला, आणि २०१० पासून, दम्याच्या औषधाचा अपवाद सोडल्यास, तो वायु आपल्याकडे बंद झाला.

त्याच्या जागीं मोटारींत आलेल्या १३४-ए या वायूंत क्लोरीन नाहीं. ओझोनास त्याचा उपद्रव नाहीं, आणि ती हिरवी ज्योतही त्याच्यापुढें मुकी. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें पृथ्वीस तापविण्यांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १३०० ते १५०० पट आहे. म्हणजे पाऊण किलो निसटला कीं जवळजवळ एक टनाचा भार झाला. २०१६ सालीं किगाली येथें असे वायु कमी करण्याचें ठरलें व २०२१ सालीं भारतानें त्यास संमति दिली. इकडे २०२५ सालापासून नव्या मध्यम व अवजड मालमोटारींस वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. उन्हांत भाजून निघणाऱ्या चालकास इतकें सुख मिळावें यांत अन्याय कसला? मात्र हे सारे सांधे एक दिवस जुने होणार आहेत.

घोटीच्या त्या मिस्त्रीनें चालकास गाडीच्या तोंडाशीं नेलें. जाळीच्या एका सांध्याभोंवतीं तेलकट धूळ चिकटली होती; वायूबरोबर तेलही फिरतें, तेव्हां जेथें वायु सुटतो तेथें त्याचा डाग राहतो. नळ्यांत नायट्रोजन भरून त्यानें सांध्यावर साबणाचा फेंस लाविला. हळूहळू बुडबुडे उठूं लागले. "अहो, हा दोन महिने फुंकतोय," चालक पुटपुटला. आंतील रबरी कडें लाकडासारखें कडक झालें होतें. तें बदललें, ओल टिपणारा ड्रायरही नवा बसविला, आणि पंप लावून नळ्या निर्वात केल्या. चालकानें भिवंडीस उशीर होणार असल्याचा फोन केला व चहा मागविला. पंप बंद केल्यावर अर्धा तास घड्याळाची सुई हलली नाहीं, तेव्हां मिस्त्रीनें वायूचें नळकांडें उचलून वजनकांट्यावर ठेविलें.