साथीदारांवरचा उजेड

पुण्यातील एका धर्मग्रामात आम्ही असताना नाताळच्या कार्यक्रमासाठी पाच वादकांचा छोटा वाद्यवृंद बसविला होता. उत्सवाचे वातावरण वाटावे म्हणून तरुण मंडळींनी सगळ्या दिव्यांवर लाल जिलेटिन कागद चढविला. दुसऱ्याच गाण्याला आमचे वयोवृद्ध व्हायोलिनवादक थांबले. स्वरलिपीवर त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि लाल उजेडात त्या पुसल्यासारख्या नाहीशा झाल्या होत्या. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. गाणाऱ्यावर उजेड पाडताना साथ करणाऱ्याचे काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास चाळला, तर तो बराच जुना निघतो.

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या परंपरेत सूत्रधार साथीदारांसह रंगमंचावरच उभा राही आणि पात्रांची पदेही तोच गाई. जो उजेड देवदैत्यांवर, तोच साथीदारांवर. पुढे 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक सादर केले आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. मराठी संगीताचा हा लाभ केवढा मोठा, ते सांगावयास नको. परंतु सूत्रधाराचा मेळा मंचावरून हटला. कालांतराने ऑर्गन, तबला, सारंगी ही साथ मंचापुढच्या जागेत, प्रेक्षकांकडे पाठ करून बसू लागली. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ तबल्याच्या साथीला होते. एवढ्या थोर कलावंताची बहुतेक प्रेक्षकांना पाठच दिसली असेल!

पश्चिमेतही वारे याच दिशेचे होते. जर्मनीत बायरॉइट येथे वाग्नरने 1876 साली वादकांना मंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यात बसविले आणि प्रेक्षागृह अंधारविले. हा प्रघात उलटविला तो ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी. 1928 साली बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’ झाला, तेव्हा छोटा वाद्यवृंद मंचावरच प्रेक्षकांच्या दृष्टीसमोर होता. गाणे आले की प्रकाश सोनेरी होई, ऑर्गन उजळे आणि वरून दांडीवर तीन दिवे खाली येत. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकाचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला; पुण्याच्या थिएटर अकादमीने तो 1978 साली जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणला. तमाशाच्या फडात ढोलकीवाला आणि तुणतुणेवाला गाणारणीच्या पाठीशी, तिच्याच उजेडात उभे असतात. ब्रेख्तला जे हट्टाने करावे लागले, ते आपल्या गावच्या बोर्डावर आधीपासूनच होते.

दिवे कोठे लावावेत, याचे शास्त्र अमेरिकेतील स्टॅन्ली मॅक्कँडलेस यांनी 1932 च्या पुस्तकात मांडले. समोरून, उजव्या व डाव्या बाजूंनी, सुमारे 45 अंश उंचीवरून दोन दिवे. एक उबदार छटेचा, दुसरा किंचित निळसर. चेहऱ्याला उठाव येतो आणि डोळेही दिपत नाहीत. जमिनीवरच्या फूटलाइट्सनी मात्र नाकाची सावली कपाळावर चढते. पाच वादकांसाठी एवढ्यात बरेचसे भागते. फक्त ड्रमवाला मागे असल्याने गायकाच्या सावलीत बुडतो; त्याला वरून स्वतंत्र दिवा हवा, तोही झांजांवरून कोणाच्या डोळ्यांत चमक उसळणार नाही असा. स्वरलिपी पाहून वाजविणाऱ्याच्या स्टँडवर छोटा झाकलेला पांढरा दिवा असावा. पूर्वीचा एकेक पार दिवा हजार वॉटचा असे. त्याच्या धगीने तारा उतरत. एलईडीने ती धग गेली, पण बटण दाबताच सारा मंच लाल करण्याचा मोह वाढला.

गेल्या नाताळात आम्ही लाल रंग मागच्या पडद्यापुरता ठेवला, वादकांवर साधा पिवळसर उजेड दिला आणि दोन स्टँडांवर दिवे लावले. व्हायोलिन वाजविणारे मात्र आता आमच्याकडे कोणी नाही.