शेजारच्या शिवारातला बार : बंदुकीचा आवाज आणि शेजारधर्म

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींनी दारातच विचारलं, की इतिहासाच्या मालिकेत बंदुकीच्या आवाजाचं काय काम? प्रश्न रास्त आहे. पण सभागृहात भगूर, देवळाली, नाशिकरोडकडची मंडळी बसलेली असतील, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. सकाळी अंगणात चहा घेताना लांबून 'धडाम्' असा आवाज यायचा, आणि घरातलं कुणीतरी मान वर न करताच म्हणायचं, "कॅम्पात सराव चाललाय." आपण नाशिककर या आवाजासोबत वाढलो. म्हणूनच त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही.

आज आपण एकच प्रश्न घेऊ. एखाद्याला निशाणा धरण्याचा सराव करायचा आहे आणि बाजूच्याला शांतता हवी आहे. मग आवाज कमी कुणी करायचा, आणि कसा? दिसायला प्रश्न तांत्रिक आहे. पण इतिहासात त्याचं उत्तर शोधायला गेलो, की ते बंदुकीत थोडं आणि शेजाऱ्यांच्या आपसातल्या व्यवहारात जास्त सापडतं.

आधी आपली परिस्थिती समजून घेऊ. अमेरिकेच्या ग्रामीण भागात माणूस रायफल घेऊन शेजाऱ्याच्या रानात जातो, मातीच्या ढिगापुढे पुठ्ठ्याचं लक्ष्य उभं करतो आणि दुपारभर बार काढतो. आपल्याकडे ही पद्धत रुजलीच नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकारने सामान्य हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याच्या चौकटीत कोंडली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तरी परवाना राहिलाच. त्यामुळे आपल्या शिवारालगत नेमबाजी करणारा शेजारी म्हणजे बहुधा कुणी हौशी माणूस नव्हे. आपल्याकडे तो शेजारी म्हणजे लष्कर.

देवळालीला इंग्रजांची छावणी एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. विलायतेला परतणारे सोल्जर इथे जहाजाची वाट पाहत आठवडेच्या आठवडे पडून असत. वाट बघून बघून डोकं फिरण्याला त्यांनी आपल्या गावाचंच नाव दिलं, 'डूलाली'. आजही इंग्रजीत हा शब्द आहे. पुढे तोफखान्याची शाळा आली. ती १९२३ साली काकूलला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या अबोटाबादजवळ, सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती देवळालीला हलवली, आणि तेव्हापासून हिंदी तोफची इथेच घडतो. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या, तो समारंभही देवळालीलाच झाला.

आता तोफेला गुपचूप सराव करता येत नाही. शिवाय तिला जागा लागते, कित्येक किलोमीटर. एवढी जमीन सरकारची स्वतःची असतेच असं नाही. त्यात कुणाची गायरानं असतात, कुणाची शेतं, कुणाच्या पाऊलवाटा. म्हणजे शब्दशः शेजाऱ्याच्या जमिनीवर नेमबाजी. यासाठी १९३८ साली एक कायदा झाला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचा अर्थ एवढाच, की युद्धसराव, मैदानी गोळीबार आणि तोफांचा सराव यांचा कायदा. तो आजही लागू आहे.

हा कायदा लष्कराला अधिकार देण्यासाठीच झाला, हे आधीच मान्य करू. पण तो वाचताना आपल्याला त्यात एक शेजारधर्मही दिसतो. सरकारने एखादा भाग सरावासाठी ठरवायचा, तर तसा इरादा आधी जाहीर करायचा आणि त्यानंतर दोन महिने उलटल्याशिवाय पक्की अधिसूचना काढायची नाही. सराव सुरू होण्याच्या साधारण आठवडाभर आधी पुन्हा सूचना द्यायची. नुसतं राजपत्रात छापून भागत नाही, ती बातमी त्या सगळ्या मुलखात पोचवावी लागते. जुन्या भाषेत सांगायचं तर दवंडी. धोक्याच्या पट्ट्यातून माणसं आणि जनावरं बाहेर काढायची. त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, कुणाच्या हक्काला बाधा आली, तर भरपाई द्यायची, आणि ती ठरवायला महसूल अधिकाऱ्याने जागेवर यायचं. त्याचा निर्णय पटला नाही तर वर आयोग. त्यात कलेक्टर, लष्कराचा एक प्रतिनिधी आणि जिल्हा बोर्डाने नेमलेली दोन माणसं. १९३८ सालच्या मानाने हे थोडं नव्हे.

कायद्याचा सगळा भर मात्र गोळा कुठे पडेल यावर आहे. आवाज कुठे पोचेल, यासाठी वेगळी तरतूद नाही. गोळ्याला हद्द आखता येते, आवाजाला येत नाही. धोक्याच्या पट्ट्यातल्या माणसाला निदान उठवतात, कळवतात, भरपाई देतात. पट्ट्याबाहेरच्याच्या वाट्याला नुसता हादरा.

याच कायद्याची दुसरी बाजू झारखंडमध्ये दिसली. नेतरहाटच्या पठारावर लष्कराच्या गोळीबार क्षेत्राचा मोठा विस्तार अधिसूचित झाला, तेव्हा १९९४ साली तिथले आदिवासी हजारोंनी रस्त्यावर उतरले. आंदोलन तीन दशकांच्या आसपास चाललं. अखेर २०२२ साली राज्य सरकारने मुदत न वाढवण्याचा निर्णय घेतला. तिथलं भांडण आवाजापुरतं नव्हतं, जमिनीचं आणि विस्थापनाच्या भीतीचं होतं. पण सूचना कागदोपत्री देणं वेगळं आणि शेजाऱ्याला विचारात घेणं वेगळं, एवढं त्यातून आपल्याला शिकता येतं.

आता थोडं विलायतेला जाऊ, कारण ज्या काळात आपल्याकडे हा कायदा घडत होता, त्याच काळात तिथल्या कोर्टात एक मजेशीर खटला उभा राहिला. आपल्या लॉ कॉलेजातली मुलं तो आजही पाठ करतात. सन १९३६. केंट परगण्यात एक जण रुपेरी कोल्हे पाळत होता, त्यांच्या कातड्यासाठी. त्याने आपल्या जागेत पाटी लावली. शेजारी जमिनीचा धंदा करणारा. त्याला वाटलं, कोल्ह्यांची पाटी पाहून आपले प्लॉट कोण घेणार? पाटी काढ म्हणाला, हा काढेना. मग त्याने आपल्या मुलाला बंदूक देऊन बांधालगत बार काढायला पाठवलं, तेही कोल्ह्यांच्या विणीच्या हंगामात. त्या दिवसांत कोल्हीण बिचकली तर माजावर येत नाही, पिल्लं झालेली असतील तर ती खाऊनही टाकते.

बांधावरून भांडण म्हटल्यावर आपल्याला वेगळं समजावून सांगायला नकोच. शेजाऱ्याचं म्हणणं सरळ होतं. जमीन माझी, बंदूक माझी, मी ससे मारतोय. कोर्टाने ते मानलं नाही. स्वतःच्या जमिनीवर बार काढायचा हक्क असला, तरी तो दुसऱ्याला त्रास देण्याच्या हेतूने वापरता येत नाही, असं ठरलं. मनाई हुकूम झाला. त्यातला तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोर्टाने बंदूक कायमची बंद केली नाही. कोल्ह्यांच्या विणीचा काळ, म्हणजे १ जानेवारी ते १५ जून, एवढ्यापुरतीच मनाई केली. न्यायाधीशाने आवाज कमी केला तो कॅलेंडरने.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, सायलेन्सर लावा की! त्याचीही गोष्ट सांगतो. हायरम मॅक्सिम नावाच्या माणसाने १८८४ मध्ये मशीनगन बनवली. साम्राज्यं वाढली ती या गनच्या जोरावर. पण तिचे बार ऐकून ऐकून मॅक्सिम स्वतः ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. बापाने जगाला आवाज दिला, मुलाने तो दाबायचा प्रयत्न केला. मुलाला त्यात गुप्त हत्यार दिसत नव्हतं. निशाणेबाजीचा आनंद घ्यावा आणि आजूबाजूच्यांची झोप मोडू नये, एवढाच त्याचा हेतू. पुढे त्याच्या कंपनीने तेच तत्त्व इंजिनांना लावलं. आपल्या मोटारसायकलीचा सायलेन्सर याच कुळातला आहे.

पण आपल्याकडे ही वाट बंद आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीचा आवाज किंवा झोत कमी करणारं उपकरण हे बंदुकीच्याच व्याख्येत घातलं आहे. म्हणजे नुसता सायलेन्सर जवळ असणं हे कायद्याच्या लेखी बंदूक बाळगण्यासारखं. तेव्हा हौस म्हणूनही कुणी त्या नादाला लागू नये.

आणि लावून तरी काय होतं? बंदुकीचा आवाज एक नसतो, तीन असतात. पहिला नळीच्या तोंडाशी, जिथून तापलेला वायू स्फोटासारखा बाहेर पडतो. दुसरा गोळीचा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, आणि ७.६२ मिलीमीटरच्या लष्करी रायफलीची गोळी आठशे मीटरच्या आसपास. आवाजाच्या पुढे धावणारी गोळी वाटभर चाबकासारखा कडाका काढत जाते. तिसरा आवाज लक्ष्यावर आदळण्याचा. सायलेन्सर पहिल्याला आवर घालतो, उरलेल्या दोघांचं तो काही करू शकत नाही.

मग जुन्या रेंजवाल्यांनी काय केलं? एक, अंतर ठेवलं. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं, की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन, मातीचा उंच बांध घातला. तो गोळी तर अडवतोच, पण आवाज आणि ऐकणारा यांच्या मधोमध उभा राहिला तर आवाजही वरून वळवतो. तीन, नळीचं तोंड वस्तीच्या विरुद्ध दिशेला धरलं, कारण बार पुढच्या बाजूला जास्त जोरात ऐकू येतो, पाठीमागे कमी. चार, वेळ पाहिली.

वेळेचं महत्त्व नाशिककरांना नीट कळायला हवं. आपल्याकडे थंडी कशी पडते, निफाडचा पारा कुठे जातो, दर डिसेंबरला पेपरात येतं. अशा पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. मग वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. उन्हं चढली, जमीन तापली, की तोच आवाज वर उचलला जातो. १९०१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेला तोफांची सलामी झाली, तेव्हा ती जवळच्या काही गावांत ऐकूच आली नाही आणि शेकडो किलोमीटरच्या टापूत लांबच्या लोकांना मात्र स्पष्ट आली. म्हणजे पहाटेचा बार आणि दुपारचा बार, दारू तीच असली, तरी शेजाऱ्यासाठी एक नव्हे.

पाचवा उपाय सगळ्यांत साधा, आणि तो नाशिकने खरोखर वापरला. हत्यारच लहान करा. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल काढलं, तेव्हा ते गावाबाहेर होतं. आज त्याच्या चहूबाजूंनी कॉलेज रोड आणि गंगापूर रोडची वस्ती आहे. भर वस्तीत नेमबाजी शिकायची तर लष्करी रायफल चालणार नाही. पॉइंट टू टूची स्पर्धेची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास जाते, आवाजाच्या वेगाखाली, म्हणून तिचा कडाका नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नाही, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो, एखाद्या खोलीतही सराव होतो. ही एअर रायफल १९८४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आली, आणि २००८ मध्ये अभिनव बिंद्राने तिच्यावरच सुवर्ण मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे, ज्याच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाची काही वर्षं आपल्या नाशिकमध्ये गेली, त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. त्याच्या हातात पॉइंट टू टूच होती.

या लहान बंदुकीलाही कानात बोळे घालायलाच हवेत, हे मुलांना शिकवणाऱ्यांनी विसरू नये. पॉइंट टू टू रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो, आणि कानाला इजा होण्याची सीमा साधारण तीच धरतात. गेलेला कान परत येत नाही. मॅक्सिमला विचारा.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. आवाज कुणी कमी करायचा? तोफ मुकी होणार नाही, आणि देशाला तोफची हवेत, हे आपल्यापैकी कुणी नाकारत नाही. पण १९३८ च्या कायद्याने सूचना द्यायला सांगितलं, १९३६ च्या कोर्टाने हंगाम पाहायला सांगितलं, आणि नाशिकच्या नेमबाजांनी हत्यार लहान केलं. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. बार काढणाऱ्याने बांधापलीकडे कोण राहतं, याचा आधी विचार केला.

आवाज तोच असतो, पण अचानक आला तर दचकवतो आणि सांगून आला तर सोसता येतो. घरात तान्हं मूल असेल, गोठ्यात गाभण गाय असेल, परीक्षेला बसलेली मुलगी असेल, तर उद्या सकाळी आठ ते अकरा सराव आहे, एवढं कळलं तरी घर आपली सोय लावून घेतं. उद्या कुणी गावात नेमबाजीचा क्लब काढला, तर बांध किती उंच घालायचा हे इंजिनिअर सांगेल. पण पहिली फेरी शेजारच्या घरांची करावी, चहाला बसावं आणि सरावाच्या वेळा त्यांना विचारून ठरवाव्यात. हा खर्च सगळ्यांत कमी, आणि इतिहास पाहता त्याचा उपयोग सगळ्यांत जास्त.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.