पहिला ड्रम सेट घ्यायचाय? आधी ही गोष्ट ऐका

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, सात ड्रमवाला सेट बघितलाय. लाल, चकचकीत! घेऊ का?" पोराने वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत. मी म्हटलं, "थांब जरा." कारण कॉलेजात मीही असाच भुललो होतो. पाच ड्रम मिळाले, पण पेडल सहा महिन्यांत खिळखिळं झालं आणि सिंबल पत्र्यासारखे वाजायचे. शेवटी अर्ध्या किमतीत विकून टाकला.

माझी चूक काय होती, ते मला ड्रम सेटचा इतिहास वाचल्यावर कळलं.

एकोणिसाव्या शतकातल्या बँडमध्ये मोठा बेस ड्रम एक जण वाजवायचा, स्नेअर दुसरा आणि झांजा तिसरा. पण अमेरिकेतल्या नाचाच्या हॉलमध्ये आणि थिएटरांमध्ये जागा कमी आणि पैसे त्याहून कमी. मग एकाच माणसाने सगळं सांभाळायचं ठरलं. म्हणजे बघा, ड्रम सेट जन्मला तो काटकसरीतून!

आता दोन हातांनी तीन वाद्यं कशी वाजवणार? उत्तर पायात होतं. पायाने वाजवायची पेडलं आधीही होती, पण रॅगटाइमच्या वेगाला ती पुरत नव्हती. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी वेगवान पेडल बाजारात आणलं आणि खरा सेट तिथून उभा राहिला. १९२० च्या दशकात डाव्या पायालाही काम मिळालं. आधी जमिनीलगत आपटणारे दोन सिंबल आले, मग तेच दांड्यावर चढून हाताच्या उंचीवर आले. हाच आपला हाय-हॅट. पुढे काउंट बेसी यांच्या ऑर्केस्ट्रात जो जोन्स यांनी तालाचा सगळा डोलारा त्यावर तोलला.

टॉम-टॉमचं काय? सुरुवातीला ते चिनी ढोलके होते, कातडं खिळ्यांनी ठोकलेलं. सुरात लावायची सोयच नाही. १९३० च्या दशकात जीन क्रुपा यांच्या आग्रहाने दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे टॉम रुळले. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर आले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी रिंगो स्टार यांना पाहिलं. समोर ड्रम किती होते? फक्त चार!

आपल्या मुंबईतही १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझ घुमू लागलं. पुढे गोव्याचे आणि पारशी वादक फिल्मी स्टुडिओंत आले. कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी आणि बुजी, या एकाच घराने हिंदी गाण्यांना केवढा ताल दिला!

या सगळ्यातून मी काय शिकलो? पैसा आधी पायाखाली घाला. चांगलं पेडल, घट्ट हाय-हॅट स्टँड, बरा स्नेअर. टॉम नंतर वाढवता येतात. जुना चार ड्रमचा सेट घ्यायला लाजू नका. १९५७ च्या सुमारास कातड्याच्या जागी प्लॅस्टिकचे हेड आले. ते बदलले की जुना ड्रमही पुन्हा छान बोलतो. फक्त खोड गोल आहे ना आणि कडा फुटलेली नाही ना, ते बघा. सिंबलला चीर असेल तर मात्र हात जोडा आणि निघा.

फ्लॅटमध्ये राहताय? जाळीच्या हेडचा इलेक्ट्रॉनिक सेट बरा. पण पेडलचा धक्का जमिनीतून खालच्या मजल्यावर जातोच, तेव्हा खाली जाड रबरी मॅट टाका. आणि बजेट फारच कमी असेल, तर प्रॅक्टिस पॅड आणि काड्यांची एक जोडी घेऊन सहा महिने हात बसवा. त्यात कमीपणा काही नाही.

मावसभावाने शेवटी जुना चार ड्रमचा सेट घेतला, आणि उरलेल्या पैशांत नवं पेडल. लाल नाहीये, काळा आहे, थोडा ओरखडलेला. काल त्याने व्हिडिओ पाठवला. ताल अजून पळतोय त्याचा, पण पेडल जागचं हललं नाही!

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाजवत राहा!