टीपा कोणाच्या?

घरातले किंवा शाळेच्या कपाटातले एखादे जुने मराठी पुस्तक काढा आणि पहिले पान उलटून बघा. सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्या स्वाधीन ठेवले आहेत, अशा अर्थाची एक ओळ तिथे बहुधा सापडेल. पुस्तक फारच जुने असेल तर १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंदणी केल्याचाही उल्लेख असेल. ही ओळ आपण वाचत नाही, सरळ धडा उघडतो. शिक्षकांच्या मनात मात्र कधी कधी शंका येते. या पुस्तकातला उतारा मी फळ्यावर लिहिला तर चालेल का? परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत घातला तर? संमेलनात यातले नाटक बसवले तर?

शंका रास्त आहे. पुढे जाण्याआधी थोडे मागे जाऊ.

दुसऱ्याच्या शब्दांवर आपले नाव घालणे वाईट, हे आपल्या लोकांना कोणत्याही कायद्याने शिकवलेले नाही. तुकोबांच्या अभंगांवर स्वतःची नाममुद्रा घालून ते मिरवणारा सालोमालो गावोगाव कीर्तनांतून माहीत आहे, आणि १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' बोलपटाने तर तो घरोघर पोहोचवला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तुकोबांचे अभंग उतरून घेणाऱ्याला कोणी चोर म्हटले नाही. पोथीची नक्कल करणे हे पुण्याचेच काम. राग होता तो नाव बदलण्याचा. नकलेत पैसा नव्हता, म्हणून तिचा तंटाही नव्हता.

तंटा आला तो छापखान्याबरोबर. एका खिळ्याच्या जुळणीतून हजार प्रती निघू लागल्या, तेव्हा त्या कोणी काढायच्या हा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडात १७१० साली राणी ॲनच्या काळात कायदा झाला. त्याने नव्या पुस्तकाचा हक्क लेखकाला १४ वर्षे दिला, आणि तेवढ्या काळानंतर लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे. लंडनच्या पुस्तकविक्यांना हे पसंत नव्हते. हक्क कायमचा असावा असा त्यांचा हेका. एडिंबरोच्या डोनाल्डसन नावाच्या पुस्तकविक्याने मुदत संपलेली पुस्तके स्वस्तात छापायला घेतली, भांडण उमरावांच्या सभेपर्यंत गेले, आणि १७७४ साली निकाल लागला की मुदत संपली म्हणजे संपली, पुस्तक सर्वांचे झाले. आज ज्ञानेश्वरी कोणीही छापू शकतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. आपल्याकडे कंपनी सरकारने १८४७ साली असा कायदा केला, मग १९१४ साली दुसरा आला, आणि स्वतंत्र भारताचा स्वतःचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला.

आता शिक्षक मंडळींनी जरा कान देऊन ऐकावे असा एक मुंबईचा खटला सांगतो.

प्लुटार्क नावाचा एक ग्रीक लेखक होऊन गेला. त्याने अलेक्झांडरचे, म्हणजे आपल्या शिकंदराचे, चरित्र लिहिले. त्याला आता १९०० वर्षे होत आली. फ्रान्सच्या आम्योने १५५९ साली ते फ्रेंचमध्ये आणले, आणि त्या फ्रेंचवरून टॉमस नॉर्थ याने १५७९ साली इंग्रजीत. शेक्सपिअरने आपल्या रोमन नाटकांसाठी सामग्री घेतली ती नॉर्थच्याच ग्रंथातून. १९१८ साली मॅकमिलन कंपनीने नॉर्थच्या या शिकंदर-चरित्रातले निवडक उतारे घेतले, मधला भाग गाळला, सांधे जुळावेत म्हणून कुठे कुठे दोनचार शब्द घातले, मागे टीपा जोडल्या आणि शाळांसाठी पुस्तक काढले. तीन वर्षांनी मुंबईचे शालेय पुस्तकांचे प्रकाशक के. अँड जे. कूपर यांनी तसेच पुस्तक काढले. उतारे बव्हंशी तेच, आणि टीपांतही बऱ्याच त्याच.

मॅकमिलनने दावा लावला. मुंबईच्या हायकोर्टातून तो थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलात पोहोचला. शाळेच्या एका लहानशा पुस्तकासाठी एवढा मोठा प्रवास! पण निकाल वाचला की तो वाया गेला असे म्हणवत नाही.

१९२३ च्या अखेरीस न्यायाधीशांनी पुस्तकाचे सरळ दोन भाग केले. पहिला भाग मूळ मजकुराचा. नॉर्थचे शब्द जुने, सर्वांचे. त्यातले काही उचलून काही गाळले, एवढ्याने ते कोणाच्या मालकीचे होत नाहीत. खरा संक्षेप करायचा तर त्याला स्वतःची बुद्धी लागते. इथे नुसती कातर चालवली होती. म्हणून त्या उताऱ्यांवर मॅकमिलनचा हक्क नाही. दुसरा भाग टीपांचा. अवघड शब्द कोणता, मुलगा कुठे अडेल, किती सांगायचे आणि किती सोडायचे, हे ठरवायला विद्या लागते आणि शिकवण्याची जाण लागते. त्या टीपा लिहिणाऱ्याच्या होत्या आणि कूपरने त्या उचलल्या, हा दोष ठरला.

गुरुजी, रात्री जागून मुलांसाठी अर्थ लिहून काढणाऱ्या माणसाच्या कष्टाला त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठाने मोल दिले, आणि त्याच निकालात चारशे वर्षांमागे जन्मलेल्या नॉर्थभोवती कुंपण घालू दिले नाही. मला तरी हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. कच्चा माल सर्वांचा असतो. त्यावर कसब खर्चून त्यात नवा गुण आणला तर तेवढ्यापुरता हक्क उभा राहतो, असे त्याचे तात्पर्य. कापूस आणि लुगडे यांतला फरक विणकराला वेगळा सांगायला नको. आपल्या सुप्रीम कोर्टाने २००७ साली कायद्याच्या पुस्तकांच्या एका खटल्यात हेच सूत्र पुढे नेले: न्यायालयाच्या निकालाचा मजकूर सर्वांचा, संपादकाने बुद्धी चालवून घातलेली भर संपादकाची. नुसती मेहनत मात्र पुरत नाही, तीत थोडे कौशल्य आणि निवाडा हवा, अशी जोडही तिथे मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, टीपा जर लिहिणाऱ्याच्या, तर आम्ही वर्गात शिकवायचे तरी काय? घाबरू नका. १९५७ च्या कायद्याचे ५२ वे कलम याचसाठी आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, टीकेसाठी किंवा परीक्षणासाठी बेताने केलेला वापर गुन्हा नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल गुन्हा नाही. प्रश्नपत्रिकेतला उतारा नाही, उत्तरपत्रिकेतला नाही. शाळेच्या मुलांनी नि शिक्षकांनी नाटक केले आणि बघायला शाळेचीच माणसे नि पालक असले, तर परवानगी लागत नाही. गावातल्या हौशी मंडळाने तिकीट न लावता जत्रेत नाटक केले तरी तेच. तिकीट लावले की नाटककाराची परवानगी घ्यावी लागते. तिथे त्याच्या पोटाचा प्रश्न येतो. एक गंमत सांगतो. देवस्थानाच्या मदतीसाठी हौशी मंडळाने प्रयोग लावला तर कायद्याने सूट दिली आहे, आणि शाळेच्या दोन खोल्या बांधायला गावासाठी तिकीट लावून लावला तर ती सूट नाही. हे कोडे मला सुटलेले नाही.

या कलमाची मोठी कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातला एक झेरॉक्सवाला अभ्यासक्रमात नेमलेली प्रकरणे निरनिराळ्या पुस्तकांतून काढून त्यांचे गठ्ठे विद्यार्थ्यांना देत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि आणखी एका परदेशी प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचले. विद्यार्थी आणि प्राध्यापक झेरॉक्सवाल्याच्या बाजूने उभे राहिले. २०१६ च्या सप्टेंबरात हायकोर्टाने दावा फेटाळला. डिसेंबरात दोन न्यायाधीशांच्या पीठाने मुख्य मुद्दा कायम ठेवला: शिकवण्याच्या हेतूला जेवढी गरज तेवढी नक्कल चालेल. या गठ्ठ्यांतले किती खरोखर गरजेचे, याची चौकशी मात्र व्हावी असे सांगितले. चौकशी पुरी होण्याआधीच, २०१७ साली, प्रकाशकांनी दावा मागे घेतला. म्हणजे अख्खी कादंबरी झेरॉक्स करून बाजारात विकायला या निकालाने कोणाला मोकळीक दिलेली नाही.

राहता राहिली मुदत. १९५७ च्या कायद्यात ती लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार, तेव्हा मुदत वाढवून ६० वर्षे केली गेली. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले. मृत्यूच्या पुढल्या वर्षारंभापासून साठ मोजा; २०१० च्या डिसेंबरअखेर त्यांची पुस्तके मोकळी झाली. 'श्यामची आई' आज कोणीही छापावी, शाळेच्या भिंतीवर लिहावी, हवी त्याला वाटावी. मात्र अलीकडच्या एखाद्या आवृत्तीत कोणी नवी प्रस्तावना, चित्रे किंवा टीपा घातल्या असतील, तर तेवढी पाने उचलण्यापूर्वी ती कोणाची आहेत हे पहिल्या पानावर बघून घ्या.