सनदेतले परके

इतिहासाच्या तासाला मॅग्ना कार्टाचे नाव फळ्यावर लिहिले की आम्ही साधारणपणे एकाच कलमापाशी थांबतो. कायद्याने निवाडा झाल्याशिवाय कोणत्याही स्वतंत्र माणसाला कैद करता येणार नाही, त्याची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, त्याला देशोधडीला लावता येणार नाही, हे ते एकोणचाळिसावे कलम. लगेच पुढचे चाळिसावे कलम सांगते की न्याय विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही आणि लांबणीवरही टाकला जाणार नाही. मुले वहीत उतरवून घेतात, आम्हीही समाधानाने खडू खाली ठेवतो. इन्साफाची एवढी मोठी गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कुणी सांगितली असेल.

पण आणखी दहा कलमे पुढे गेले की सनदेचा सूर बदलतो. पन्नासाव्या कलमात चक्क माणसांची नावे येतात. अथेचा जेरार याचे सगळे नातेवाईक, सिगोन्येचा एंजेलार, फिलिप मार्क, त्याचे भाऊ, त्याचा पुतण्या अशी ती यादी आहे. या सर्वांना अधिकारपदांवरून दूर करू आणि यापुढे इंग्लंडमध्ये त्यांना कोणतेही पद देणार नाही, असे राजाकडून कबूल करून घेतले आहे. एक्कावन्नावे कलम याहून स्पष्ट आहे. शांतता होताच सर्व परदेशी सरदार, तिरंदाज, त्यांचे चाकर आणि भाडोत्री शिपाई यांना राज्याबाहेर घालवावे, असे ते बजावते. म्हणजे ज्या सनदेने निवाड्याशिवाय शिक्षा नाही असे म्हटले, तिनेच काही माणसांना नात्यावरून आणि जन्मभूमीवरून पदाला अपात्र ठरवले. हे परके कोण होते, याचा शोध घ्यावासा वाटतो तो इथे.

यातले प्रमुख लोक फ्रान्समधल्या तुरेन भागातून आलेले होते. त्या काळी इंग्लंडचा राजा फ्रान्समधल्या मोठ्या मुलखाचाही धनी असे. 1204 मध्ये जॉन राजाच्या हातून नॉर्मंडी गेली आणि तुरेनही फ्रान्सच्या राजाने घेतले. जेरारने लोश हा किल्ला जॉनसाठी 1205 पर्यंत लढवला. किल्ला पडला, तो कैद झाला आणि जॉनने खंडणी भरून त्याला सोडवले. घरदार गमावलेल्या या लोकांपुढे एकच वाट उरली, आपल्या धन्यामागून समुद्रापलीकडे जाण्याची. 1208 मध्ये जेरार ग्लॉस्टरशायरचा शेरीफ झाला. त्याच्या पाठोपाठ एंजेलार त्या जागी आला. फिलिप मार्ककडे नॉटिंगहॅम आणि डर्बीचा कारभार गेला.

शेरीफ म्हणजे त्या परगण्यात राजाचा हात. सारा गोळा करणे, दंड वसूल करणे, किल्ला सांभाळणे ही त्याची कामे. ठरलेली रक्कम खजिन्यात भरली की वरचे उत्पन्न त्याचे, अशी जुनी रीत होती. जॉनला फ्रान्समधला मुलूख परत मिळवायचा होता, त्यासाठी पैसा हवा होता. म्हणून ठरलेल्या रकमेवरही तो जादा मागू लागला. हे जादा शेरीफ आणणार कुठून? रयतेकडून आणि जमीनदारांकडूनच. स्थानिक उमरावाला हे काम सांगितले तर तो दहादा विचार करील. त्याचे सोयरे तिथले, त्याची शेतजमीन तिथली, उद्या त्याला त्याच लोकांत वावरायचे आहे. परक्याला असले पाश नसतात. राजाची मर्जी हेच त्याचे घर आणि तीच त्याची जमीन. म्हणून राजाला असे लोक सोयीचे वाटतात आणि म्हणूनच प्रजेला ते नकोसे होतात.

या लोकांची बाजू घेऊन आम्हांला सारवासारव करायची नाही. ते कठोर होते, त्यांनी लोकांना पिळले, याविषयी दुमत नाही. पण हुकूम कोणाचा होता? 1214 मध्ये बुवीनच्या लढाईत जॉनच्या दोस्तांचा पराभव झाला, एवढ्या वर्षांचा गोळा केलेला पैसा वाया गेला आणि उमरावांचा संयम सुटला. 15 जून 1215 रोजी थेम्सकाठच्या रनिमीडच्या कुरणात राजाला सनद मान्य करावी लागली. राजा गादीवरच राहिला, नावे मात्र त्याच्या चाकरांची लिहिली गेली. मालकावरचा राग नोकरावर काढणे हे त्या काळीही सोपे होते, आणि नोकर बाहेरचा असला तर अधिकच सोपे.

पुढची हकिकत पाहिली म्हणजे परका या शब्दाचा अर्थ किती सैल होता ते कळते. सनद काही आठवड्यांतच मोडली. पोपने ऑगस्टमध्ये ती रद्द ठरवली आणि यादवी सुरू झाली. परदेशी शिपाई हाकला म्हणणाऱ्या उमरावांनी मग काय केले? त्यांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, लुईला, इंग्लंडच्या गादीवर बसण्याचे निमंत्रण दिले. मे 1216 मध्ये तो सैन्यासह उतरला आणि लंडनने त्याचे स्वागत केले. त्याचा हक्क काय, तर त्याची पत्नी दुसऱ्या हेन्रीची नात होती. त्याच वेळी विंडसरचा किल्ला बंडखोरांच्या वेढ्यात राजासाठी लढवत कोण होता? पन्नासाव्या कलमातला एंजेलार.

ऑक्टोबर 1216 मध्ये जॉन वारला. गादीवर आला नऊ वर्षांचा तिसरा हेन्री. निम्मे राज्य शत्रूच्या हाती, तिजोरी रिकामी. सत्तरीच्या घरातला विल्यम मार्शल कारभारी झाला. 20 मे 1217 रोजी लिंकनला निर्णायक लढाई झाली. निकोला द ला हे या वयस्क स्त्रीने तिथला किल्ला राजासाठी धरून ठेवला होता. त्या किल्ल्यात आपले तिरंदाज घेऊन शिरला तो फॉक्स द ब्रोते, नॉर्मंडीचा एक अनौरस मुलगा. तटावरून त्याच्या माणसांनी केलेल्या माऱ्याने बंडखोरांचे घोडे कोसळले आणि मार्शलचा विजय सोपा झाला. त्याच वर्षी लुई परत गेला. इंग्लंडची गादी फ्रेंच राजपुत्राच्या हाती जाऊ नये म्हणून फ्रान्समध्येच जन्मलेल्या शिपायांनी रक्त सांडले, हे विसरता येत नाही. 1216 मध्ये सनद नव्याने जारी झाली तेव्हा ही दोन्ही कलमे गळालेली होती. गरज होती तोवर परके परके राहिले नाहीत.

गरज संपल्यावर काय झाले, ते फॉक्सच्या आयुष्यात दिसते. अनेक परगण्यांचा शेरीफ आणि अनेक किल्ल्यांचा धनी झालेल्या या माणसावर 1224 मध्ये लोकांच्या जमिनी बळकावल्याचे खटले चालले आणि निकाल त्याच्या विरुद्ध गेले. त्याचा भाऊ विल्यम याने निकाल देणाऱ्यांपैकी हेन्री ऑफ ब्रेब्रुक या न्यायाधीशालाच पळवून बेडफर्डच्या किल्ल्यात कोंडले. राजाने आठ आठवडे वेढा घातला. किल्ला पडल्यावर विल्यमसह ऐंशीहून अधिक माणसांना फाशी दिली. फॉक्स हद्दपार झाला. त्याने पोपकडे लेखी दाद मागितली, पण 1226 मध्ये इंग्लंडपासून दूर इटलीतच त्याचा अंत झाला.

फॉक्स निर्दोष नव्हता. युद्धाच्या धामधुमीत माझ्या संमतीशिवाय याच्याशी लग्न लावले गेले, अशी तक्रार त्याच्या पडत्या काळात त्याच्या पत्नीनेच, मार्गारेटने केली, असे बखरकार सांगतो. पण त्याच्या क्रौर्याचे जे चित्र आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः सेंट ऑल्बन्स मठातल्या बखरकाराच्या लेखणीतून, आणि 1217 च्या जानेवारीत फॉक्सने तोच मठ लुटला होता. साक्षीदार खरे बोलत असेल, तरी तो फिर्यादीही आहे हे इतिहास वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आणि एंजेलार? तो 1244 मध्ये वारला, शेवटपर्यंत राजाच्या सेवेत. ज्याला यापुढे पद नाही असे सनदेत लिहिले, त्याने त्याच देशात हाडे टेकली. नॉटिंगहॅमचा फिलिप मार्कही सनदेनंतर 1224 पर्यंत शेरीफ होता. शिवाय त्यांना परके म्हणणारे तरी कोण? 1066 मध्ये नॉर्मंडीहून विल्यमबरोबर आलेल्या सरदारांचे वंशज. घरात फ्रेंच बोलणारे. त्यांचे खापरपणजे आधी आले, एवढाच फरक. 1258 मध्ये पुन्हा परक्यांविरुद्ध हाक उठली. तिच्या नेत्यांपैकी एक होता सायमन द माँटफर्ट. त्याचा जन्म फ्रान्समधलाच.

आज लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर व्हॉक्सहॉल नावाचा भाग आहे. फॉक्सचा वाडा म्हणून ते नाव पडले. पुढे त्याच नावाची मोटार आली आणि रशियन भाषेत तर रेल्वे स्थानकालाच वोक्झाल म्हणतात, तो शब्दही मुळात इथलाच. हद्दपार केलेल्या माणसाचे नाव असे जिभेवर राहून गेले. माणसाला घालवता येते, त्याची खूण घालवता येत नाही.

एकोणचाळिसाव्या कलमाचे मोल आमच्या लेखी यामुळे कमी होत नाही. उलट वाढते. जेरारच्या नातेवाइकांना, फिलिपच्या पुतण्याला त्याच कलमाचा आधार मिळायला हवा होता. ज्याने जुलूम केला त्याची चौकशी व्हावी, त्याला शिक्षा व्हावी. पण तो अमक्याचा पुतण्या आहे आणि तमक्या मुलखातून आला आहे, हा गुन्हा कसा होईल? आता फळ्यावर आम्ही एकोणचाळीस हा आकडा लिहिला की शेजारी पन्नास आणि एक्कावन्नही लिहितो. तिन्ही कलमे एकाच सनदेतली आहेत, आणि ती एकत्रच वाचायला हवीत.