भंडारा जिल्ह्यातील मासेमारी सहकारी संस्था आणि विधी विद्यार्थ्यांचे साहाय्य : एक ऐतिहासिक मागोवा

भंडारा जिल्हा विदर्भात तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीपासून येथे धानशेतीसाठी तलाव बांधले गेले आणि त्या बांधकामात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोकांनी त्यांना 'मामा तलाव' हे सुटसुटीत नाव दिले. पाळीखालच्या बांध्यांना मिळणारे पाणी आणि त्यावर पिकणारा धान यांविषयी बरेच लेखन झाले आहे. त्याच पाण्यातील मासळीवर जगणाऱ्या ढीवर समाजाच्या हक्कांचा विधिविषयक इतिहास मात्र अभ्यासकांच्या दृष्टीने काहीसा उपेक्षित राहिला. हा इतिहास पाहिल्याखेरीज गरिबांच्या सामूहिक उद्योगाला वकिली सल्ला कोण देणार, आणि विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी तो देऊ शकतात काय, या आजच्या प्रश्नाचे मूळ ध्यानात येत नाही.

मध्य प्रांतात गावचे रिवाज लिहून ठेवण्याची पद्धत होती. 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात पाण्याचे, वाटेचे व मासेमारीचे रूढ हक्क नोंदले जात. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियमाने मालगुजारी संपुष्टात आली व १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. पुढे १९५६ मध्ये भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने विदर्भापुरती वाजिब-उल-अर्जाची तरतूद कलम १६५ मध्ये कायम ठेवली. परंतु त्यातील शब्दयोजना बारकाईने पाहण्याजोगी आहे. जे पाणी शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे वा व्यवस्थेखालील नाही, त्यापुरतीच मासेमारीच्या रिवाजाची नोंद करावयाची आहे. मामा तलाव तर बहुतांशी शासन आणि जिल्हा परिषद यांच्याच ताब्यात गेले होते. म्हणजे मालगुजार गेला तेव्हा ढीवरांचा रिवाजही कायद्याच्या आश्रयाबाहेर गेला. जमीनदारी निर्मूलनाच्या गौरवगाथेत ही बाब क्वचितच नमूद होते.

रिवाजाच्या जागी ठेका आला. ठेका व्यक्तीला देण्यापेक्षा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला द्यावा, हे धोरण तत्त्वतः न्याय्यच होते. मात्र त्यामुळे जो हक्क पूर्वी गावाच्या स्मरणात होता तो कागदावर अवलंबून राहू लागला. संस्थेची नोंदणी, उपविधी, वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, निवडणूक, ठेक्याची रक्कम भरण्याची मुदत : यांतील एक दुवा निखळला तरी तलाव हातचा जाण्याचा धोका. जाळे विणणाऱ्या, पाण्याचा रंग पाहून मासळीचा अंदाज बांधणाऱ्या समाजाच्या उपजीविकेची दोरी अशा रीतीने दप्तराला बांधली गेली.

सहकाराच्या कायद्याला या अडचणीची कल्पनाच नव्हती असे म्हणता येणार नाही. १९०४ चा कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी केली. १९१५ मध्ये मॅक्लेगन समितीने आपल्या अहवालात तपासणी, लेखापरीक्षण व पर्यवेक्षण यांवर विशेष भर दिला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच परंपरेतील आहे. संस्थेच्या कारभाराविषयीचे वाद कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयाकडे जातात आणि कलम १६३ ने दिवाणी न्यायालयाची वाट अडविली आहे. साध्या माणसांना वकिलांवाचून कारभार करता यावा, हा या साऱ्या रचनेमागील हेतू होता. परिणाम निराळा झाला. संस्थेला निबंधक मिळाला, लेखापरीक्षक मिळाला, निरीक्षक मिळाला. हे सर्व तिच्यावर देखरेख करणारे. तिच्या बाजूने बसून कागद वाचणारा मात्र कोणी मिळाला नाही. मोठ्या साखर कारखान्याने वकील नेमला. तलावाकाठच्या संस्थेला ते परवडणारे नव्हते.

विधिसाहाय्याची चळवळ ही उणीव भरून काढील अशी अपेक्षा करता आली असती. मुंबई शासनाने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधिसाहाय्य समिती नेमली. (त्या वेळी भंडारा मुंबई राज्यात नव्हता, हे येथे लक्षात ठेवावे लागते.) १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा आणि १९७७ मध्ये त्यांच्यासह न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचा अहवाल आला. पी. एन. भगवती हे एन. एच. भगवती यांचे पुत्र. एकाच घरातील दोन पिढ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला, हा योगायोग उल्लेखनीय आहे. दरम्यान १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत होऊन नोव्हेंबर १९९५ मध्ये अमलात आला.

या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये विनामूल्य विधी सेवेस पात्र व्यक्तींची यादी आहे : अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य, स्त्रिया, बालके, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, आपत्तिग्रस्त, ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे इत्यादी. आणि या व्यक्तींना 'दावा दाखल करावयाचा किंवा त्यात बचाव करावयाचा' असला पाहिजे. ढीवर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात. त्यामुळे जातीच्या आधारे त्यांना या यादीत स्थान नाही, ते उत्पन्नाच्या आधारेच येऊ शकतात. सहकारी संस्था तर जातीने ओळखली जात नाही, ना वयाने, ना लिंगाने. सभासद पात्र असला तरी त्याची संस्था पात्र ठरत नाही. शिवाय ठेक्याचा करारनामा समजावून घेणे म्हणजे 'दावा' नव्हे. विधिसाहाय्याची कल्पना न्यायालयाच्या दारात उभ्या असलेल्या एकाकी माणसासाठी रचली गेली. एकत्र येऊन उद्योग करू पाहणारी गरीब माणसे तिच्या डोळ्यांसमोर नव्हती.

विधी महाविद्यालयांचा प्रवेश येथे होतो. कायद्याच्या शिक्षणातील 'क्लिनिक' ही संज्ञा वैद्यकातून आली आहे. रुग्णाच्या खाटेशी, ज्येष्ठ वैद्याच्या नजरेखाली शिष्याने शिकावे, ही तिची मूळ कल्पना. भारतात सहकाराचा पहिला कायदा झाला त्याच १९०४ साली अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठात विद्यार्थ्यांचे असे केंद्र सुरू झाले. तेथील विधी विद्यालयांत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत न्यायालयीन दाव्यांऐवजी लहान व समाजाभिमुख उद्योगांना करार, नोंदणी व घटनालेखन यांत साहाय्य करणारी केंद्रे वाढीस लागली. भारतात १९८७ च्या अधिनियमाने कलम ४ अन्वये महाविद्यालयांतील विधिसेवा केंद्रांना मार्गदर्शन करण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणाकडे सोपविले. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयास असे केंद्र बंधनकारक केले. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ते ज्येष्ठ अध्यापकाच्या पर्यवेक्षणाखाली, विधी सेवा प्राधिकरण आणि स्वेच्छेने साहाय्य करणारे वकील यांच्या सहकार्याने चालवावे, असे हा नियम सांगतो.

पर्यवेक्षणाची खरी अडचण याच नियमात दडलेली आहे. वकील अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिलीचा अधिकार नोंदणीकृत वकिलांनाच आहे. विद्यार्थी तो बजावू शकत नाही. अध्यापक तरी बजावू शकतो काय? विधिज्ञ परिषदेच्या नियमानुसार पूर्णवेळ वेतनावर असलेल्या व्यक्तीस वकिली करता येत नाही. १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसाचे तीन तासांपर्यंत विधी विषय शिकविण्याची मुभा दिली, परंतु ती अंशकालीन अध्यापनाची आहे. म्हणजे ज्याने पर्यवेक्षण करावयाचे तो पूर्णवेळ अध्यापकही सनदेवाचून, आणि ज्याचे करावयाचे तोही. वैद्यकाची उपमा येथे पार कोलमडते : खाटेशी उभे असलेले गुरू-शिष्य दोघेही औषध लिहून देऊ शकत नाहीत! केंद्रांचे काम प्रबोधन शिबिरे व पथनाट्ये यांकडे झुकते, त्याचे एक कारण विद्यार्थ्यांच्या निरुत्साहापेक्षा या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

उपविधींचा मसुदा किंवा करारनाम्याचे वाचन हे न्यायालयाबाहेरचे काम असल्याने त्यास हे बंधन नाही, असा युक्तिवाद संभवतो. तो टिकणारा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्ह प्रकरणात न्यायालयाबाहेरील सल्ला व मसुदालेखन हीदेखील वकिलीच असल्याचा निर्वाळा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात हीच भूमिका कायम केली. हे दोन्ही निर्णय परदेशी विधिसंस्थांच्या संदर्भातील होते. तथापि त्यांतील व्याख्या लावली, तर मासेमारी संस्थेच्या सचिवासाठी उपविधीची दुरुस्ती लिहिणारा विद्यार्थीही तिच्या कक्षेत येऊ शकतो.

म्हणून अशा केंद्राच्या कामाची विभागणी आधीच ठरवून घेणे अगत्याचे ठरते. विद्यार्थी दप्तर वाचील, सभेच्या इतिवृत्तातील त्रुटी टिपील, कलम १३ खालील उपविधी दुरुस्तीचा कच्चा मसुदा करील. अध्यापक त्याच्याकडून प्रत्येक विधानाचा आधार मागेल. सल्ला म्हणून जे संस्थेच्या हाती पडेल ते नोंदणीकृत वकिलाच्या सहीनेच पडेल. २००८ च्या नियमातील स्वेच्छा वकिलांच्या उल्लेखाचा हाच अर्थ घेणे युक्त आहे. यात अध्यापकाचे काम सर्वांत नाजूक. ठेक्याच्या करारात उन्हाळ्यात तलावात किती पाणी राखावे याविषयी अट नसेल, तर पाळीखालचा धान वाचविण्यासाठी पाणी सोडले जाते आणि मासळी मरते. ही उणीव विद्यार्थ्याला पुस्तकातून दिसत नाही, पाळीवर उभे राहिल्यावर दिसते. त्याच वेळी धान पिकविणाराही गरीबच असतो. तेव्हा आपण कोणाच्या वतीने लिहीत आहोत हे विद्यार्थ्याला स्पष्ट करून देणे हा पर्यवेक्षणाचाच भाग होय.

अशाच स्वरूपाचे काम आता पाळीखालच्या बांध्यांतही निर्माण झाले आहे. भंडारा जिल्ह्यातील चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. १९९९ च्या अधिनियमानुसार मानांकन उत्पादकांच्या संघाच्या वा संस्थेच्या नावे नोंदले जाते. तथापि एखाद्या शेतकऱ्याला त्याचा कायदेशीर लाभ हवा असेल, तर कलम १७ अन्वये त्याने स्वतंत्रपणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदविले पाहिजे. हा अर्ज म्हणजे दावा नव्हे, आणि कलम १२ च्या यादीत तो कोठेच बसत नाही.